छंदासाठी घेतलेला गाळा आणि बिगरनिवासी घरपट्टी : नक्की काय कमी होतं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे दादा साठीच्या जवळ आलेत, पुण्यात नऱ्ह्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर छोटा गाळा विकत घेतलाय, करारावर ४१० चौरस फूट. आत दोन जुन्या बजाज चेतक, एक लॅम्ब्रेटा, सुतारकामाचं टेबल, एक छोटं लेथ आणि भिंतीला लावलेली हत्यारं. रिटायरमेंटनंतर रोज दोन-तीन तास तिथे जाऊन बसतात, गाड्या खोलतात, जोडतात. विक्री नाही, गिऱ्हाईक नाही, पाटी नाही, शॉप अ‍ॅक्ट नाही. तरी मिळकत कराचं बिल बिगरनिवासी दराने येतं आणि ते शेजारच्या सोसायटीतल्या त्यांच्या टू बीएचकेपेक्षा जास्त आहे. म्हणून त्यांनी विचारलंय की मी धंदा करतच नाही तर मला कमर्शियल रेट का, आणि घराला मिळते ती ४० टक्के सवलत इथे मिळेल का.

मी गेली चोवीस वर्षं हेच काम करतो, मिळकत कराच्या हरकती, नाव नोंदणी, आकारणी दुरुस्ती. हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतोच, कधी स्कूटरवाला असतो, कधी तबला-ड्रमवाला ज्याला घरात वाजवू देत नाहीत, कधी मूर्ती करणाऱ्या ताई, मागच्या वर्षी एक जण रिमोटवरची विमानं बनवणारे आले होते. सगळ्यांचं म्हणणं एकच की मी कमवत नाही तर मला धंद्याचा कर कशाला. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दादा, आधी स्पष्ट सांगतो, गाळ्याला निवासी दर मिळणार नाही आणि ४० टक्केही मिळणार नाहीत. पण म्हणून आलंय ते बिल जसंच्या तसं बरोबर आहे असंही नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, लोक पहिल्या गोष्टीवर भांडत बसतात आणि दुसरी, जिथे खरोखर पैसे वाचतात, ती बघतच नाहीत.

कारण समजून घ्या. बिलावरचा शब्द नीट वाचा, 'व्यावसायिक' असं नसतं बहुतेक वेळा, 'बिगरनिवासी' असतं. आपण डोक्यात त्याचं भाषांतर धंदा असं करतो आणि मग म्हणतो मी धंदा करत नाही. पण बिगरनिवासी म्हणजे राहण्यासाठी नसलेली सगळी जागा. दुकान त्यात येतं, गोडाऊन येतं, वर्कशॉप येतं, आणि तुमचा छंदाचा गाळाही येतो, कारण तिथे तुम्ही झोपत नाही, जेवण करत नाही, तिथला पत्ता तुमच्या आधारवर नाही. मिळकत कर तुमच्या कमाईवर नाहीच मुळी, तो जागेवर आहे. ही जागा बाजारात भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी किती भाडं येईल, यावर करपात्र रक्कम ठरते. तुम्ही तिथे लाखाची विक्री केली काय आणि आयुष्यभर एकच स्कूटर घासत बसलात काय, गाळ्याचं वाजवी भाडं तेच राहतं. अधिकाऱ्यासमोर 'मी नफा कमवत नाही' हे वाक्य कितीही तळमळीने बोललात तरी त्याच्याकडे ते लिहायला रकानाच नसतो. हे मी सुनावणीत इतक्या वेळा बघितलंय, माणूस खरं बोलत असतो, डोळ्यात पाणी येतं कधी कधी, आणि तरी त्या मुद्द्यावर काही होत नाही.

पुण्याला, पिंपरी-चिंचवडला, ठाण्याला, नाशिकला जो कायदा लागतो तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, जुने लोक अजून बीपीएमसीच म्हणतात. त्याच्या अनुसूचीतल्या कराधान नियमांत वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करपात्र मूल्य काढतात. म्हणजे चौरस फुटाचा दरमहा दर, गुणिले क्षेत्र, गुणिले बारा, वजा १० टक्के, आणि जे उरेल त्यावर सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, जललाभ, जलनिःसारण असे सगळे कर टक्क्यांनी लागतात. आता बिगरनिवासीला मार दोनदा बसतो. एक तर चौरस फुटाचा दरच जास्त. आणि दुसरं, सरकारचे जे उपकर महापालिका गोळा करून देते त्यातला राज्य शिक्षण कर बिगरनिवासीला निवासीच्या दुप्पट दराने असतो आणि रोजगार हमी उपकर तर फक्त बिगरनिवासीलाच लागतो. तुमच्या घराचं बिल आणि गाळ्याचं बिल शेजारी ठेवून बघा, घराच्या बिलात रोजगार हमीची ओळ कोरी असेल.

४० टक्क्यांचं काय ते पण सांगतो कारण त्यावरून खूप गैरसमज आहेत. पुण्यात १९७० पासून स्वतः राहत असलेल्या घराच्या वाजवी भाड्यात ४० टक्के सूट देत होते. मधे लेखापरीक्षणात आक्षेप आला, सरकारने ती काढली, मग २०२३ मध्ये परत दिली आणि ज्यांची गेली होती त्यांच्याकडून पीटी-३ फॉर्म भरून घेतले. त्या फॉर्मबरोबर काय मागतात बघा, सोसायटीचं पत्र की मालक स्वतः राहतो, मतदान ओळखपत्र किंवा पासपोर्ट किंवा गॅस कार्ड किंवा रेशन कार्ड. सगळे राहण्याचे पुरावे. गाळ्यावर गॅस कार्ड कुठून आणणार. तेव्हा हा फॉर्म गाळ्यासाठी भरण्यात वेळ घालवू नका. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंत घरपट्टी माफ आहे ना, १ जानेवारी २०२२ पासून, ती पण फक्त निवासी घराला, तिथे १५० फुटांचा गाळा असला तरी बिल येतं. मुंबईची पद्धत तशीही वेगळी आहे, २०१० पासून भाड्यावर नाही तर भांडवली मूल्यावर, म्हणजे मिळकतीच्या किमतीवर, पण वापर निवासी की बिगरनिवासी हा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. तुम्हाला कोणीतरी भेटेल आणि म्हणेल, थोडे पैसे द्या, निवासी करून देतो. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, नाव-गाव सांगत नाही, त्यांनी असंच केलं होतं. गाळ्यात एक लोखंडी कॉट टाकली, शेगडी ठेवली, कोपऱ्यात बादली, फोटो काढले आणि कागदावर 'निवासी' करून घेतलं. तीन वर्षं बिल कमी आलं, खूश होते. मग त्या भागाचा फेरसर्व्हे निघाला, नवीन माणूस आला, त्याने शटर बघितलं, थ्री-फेज मीटर बघितला, संडास कॉमन पॅसेजमध्ये बघितला, आणि मागच्या तारखेपासूनचा फरक काढला. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, वर्षाला २४ टक्के. त्यांना एकूण जे भरावं लागलं ते तीन वर्षांत वाचलेल्यापेक्षा बरंच जास्त होतं, आणि वर इस्टेटच्या सोसायटीने नोटीस दिली की औद्योगिक इमारतीत राहता कसे. ज्याने करून दिलं होतं त्याचा फोन बंद. असलं करू नका दादा, तुम्ही सरळ माणूस दिसताय.

बरं, मग पैसे वाचतात कुठे. मी कुठलीही फाइल हातात घेतली की सगळ्यात आधी क्षेत्र बघतो. आकारणीचा उतारा काढा, बिल नाही, उतारा, त्यात क्षेत्र किती धरलंय, वापराचा प्रकार काय लिहिलाय, बांधकामाचा प्रकार काय आणि आकारणी कोणत्या वर्षापासून लागली हे असतं. चटई क्षेत्र (भिंतींच्या आतलं) धरलंय की बांधीव (भिंतींसकट) ते वाचा, महापालिकेनुसार पद्धत बदलते. पण करारात बिल्डरने जे सेलेबल लिहिलेलं असतं, ज्यात जिना, पॅसेज, गेटजवळची वॉचमनची खोली सगळ्याचा हिस्सा घुसवलेला असतो, ते क्षेत्र कराला धरायचं काही कारण नाही. तुमचं ४१० हे मला वाचल्या वाचल्या सेलेबल वाटलं. नऱ्हे-धायरी भागात जे गाळे मी मोजलेत त्यात आतलं माप कागदापेक्षा चांगलंच कमी भरतं.

मोजायचं कसं ते सांगतो, हे स्वतः करा. रविवारी सकाळी जा, एकटे जाऊ नका, टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. स्टीलची पाच मीटरची टेप घ्या, कापडी नको, ती ताणली जाते. गाड्या बाहेर काढा. शटरच्या आतल्या कडेपासून मागच्या भिंतीच्या प्लास्टरपर्यंत तीन ठिकाणी माप घ्या, डावीकडे, मधे, उजवीकडे, कारण गाळे काटकोनात कधीच नसतात. मग रुंदी पुढे, मधे, मागे. कोपऱ्यात कॉलम बाहेर आलाय का, मागच्या भिंतीत डक्ट आहे का, ते वेगळं लिहा. शटरबाहेरचा ओटा धरू नका. एक वहीचा कागद घेऊन हाताने नकाशा काढा, मापं लिहा, तारीख टाका, फोटो काढताना टेपवरचा आकडा दिसला पाहिजे. एका शहरात एका गाळ्याच्या नोंदीत ४१० होतं आणि आम्ही मोजलं तर ३१८ भरलं, ९२ फुटांचा फरक. हिशोबापुरता दर २० रुपये धरा, ९२ गुणिले २० गुणिले १२ म्हणजे २२,०८०, त्यातून १० टक्के गेले की १९,८७२ एवढं करपात्र मूल्य जास्तीचं लागलेलं, आणि सगळे कर मिळून त्याच्या निम्मे धरले तरी वर्षाला दहा हजारांच्या आसपास. हे त्या माणसाने सात वर्षं भरलं होतं. निवासी करा म्हणून तीन अर्ज त्याने दिले होते आणि तिन्ही फेटाळले गेले होते, मोजमापाचा अर्ज मात्र एका फेरीत मंजूर झाला, कारण पेठ निरीक्षक, म्हणजे महापालिकेच्या कर खात्याचा त्या भागाचा माणूस, जागेवर आला, त्याने स्वतः टेप लावली, वाद घालायला काही उरलंच नाही.

दुसरं वापराचा प्रकार. बिगरनिवासी हा एकच डबा नाही. दुकान, शोरूम, ऑफिस, गोडाऊन, वर्कशॉप, कारखाना, यांचे दर सारखे नसतात, रस्त्यावरच्या दुकानाला जो दर लावतात तो मागच्या गल्लीतल्या गोडाऊनला लावत नाहीत. तुमच्या आधीच्या मालकाचं जर तिथे काउंटर असेल, स्पेअर पार्टचं दुकान असेल, तर नोंद दुकानाची असू शकते आणि तुम्ही घेतल्यावर ती कुणी बदललेली नसणार. इथे तुमचं 'मी काही विकत नाही' हे म्हणणं कामाला येतं. निवासी मिळवायला ते चालत नाही, पण दुकान काढून साठवणूक किंवा वर्कशॉप लावून घ्यायला चालतं. पुरावा काय द्यायचा, आतले फोटो, वीजबिल ज्यात महिन्याचे युनिट अगदी कमी दिसतात, शॉप अ‍ॅक्ट आणि जीएसटी नोंदणी या पत्त्यावर नाही असं साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र, आणि इस्टेटच्या सोसायटीचं दोन ओळींचं पत्र. आधीच्या मालकाची जीएसटी नोंदणी त्या पत्त्यावर अजून जिवंत असेल तर ती आधी बंद करायला लावा, नाहीतर तुमचं सगळं म्हणणं एका कागदाने पडतं.

तुमच्या लेथबद्दल तुम्ही घाबरून विचारलंय की मशीन दिसलं तर कर वाढेल का. यंत्राची किंमत करपात्र मूल्यात धरत नाहीत. मशीन दोन हजाराचं असो की दोन लाखाचं, भाडं जागेचं बघतात. हां, थ्री-फेज कनेक्शन, जमिनीत फाउंडेशन बोल्ट मारून बसवलेली पाच मशीनं असं दिसलं तर कारखाना म्हणून नोंद होऊ शकते, तुमच्या टेबलावरच्या लेथने तसं काही होत नाही.

पोटमाळ्याचं मात्र ऐका. छंदवाले लोक हमखास ही चूक करतात, सामान वाढतं, मग वेल्डरला बोलावून आय-सेक्शन टाकतात, वर प्लाय, जिना, आणि पंधरा फूट उंचीच्या गाळ्यात दुसरा मजला तयार. तो परवानगीशिवाय असेल तर अनधिकृत बांधकाम आहे, आणि त्याच कायद्यात अनधिकृत बांधकामावर दुप्पट कर लावायची तरतूद आहे. म्हणजे क्षेत्र वाढलं, वर त्याला शास्ती. त्यापेक्षा स्लॉटेड अँगलचे नटबोल्टचे रॅक लावा, छतापर्यंत लावा हवं तर. रॅक हे फर्निचर आहे, त्यावर माणूस चालत नाही, जिना नाही, ते क्षेत्रात येत नाही. मी तीन-चार जणांचे पोटमाळे उतरवून तिथे रॅक लावायला लावलेत, सामान तेवढंच मावलं.

तिसरी गोष्ट आकारणीचं वर्ष, ही पुण्यात विशेष महत्त्वाची. इथे जुन्या इमारतींना ज्या वर्षी पहिल्यांदा आकारणी झाली त्या काळचे दर चालत राहिले आहेत आणि नवीन इमारतीला नवे दर लागतात, म्हणून तर पेठांमधल्या जुन्या वाड्यातल्या खोल्यांची घरपट्टी ऐकून उपनगरातल्या माणसाला धक्का बसतो. तुमची इमारत आधीपासून उभी असेल आणि नोंद उशिरा झाली असेल तर कंप्लिशन सर्टिफिकेट, पहिलं वीजबिल, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (कर आकारणीचा) उतारा यातून जुनं वर्ष सिद्ध करता येतं का ते पाहा. नऱ्हे गाव महापालिकेत आलं ३० जून २०२१ ला, एकूण २३ गावं आली त्यांत. त्याआधी तिथे ग्रामपंचायतीची घरपट्टी होती, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या काळातली पावती आधीच्या मालकाकडे असेल तर ती मागून घ्या, तो कागद सोन्यासारखा आहे. समाविष्ट गावात कर टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा असतो, एकदम पूर्ण नाही, तेव्हा पहिल्या वर्षापासूनची सगळी बिलं क्रमाने लावून टप्पे पाळलेत का तेही बघा.

ज्यांचा गाळा किंवा शेड अजून ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे त्यांच्यासाठी एकच ओळ, तिथे ३१ डिसेंबर २०१५ च्या नियमांनंतर भांडवली मूल्यावर कर आहे आणि वापराचा भारांक, म्हणजे ज्याने गुणायचं तो आकडा, निवासीला १, औद्योगिकला १.२०, वाणिज्यला १.२५ असा आहे, म्हणजे वापराने पडणारा फरक शहरापेक्षा खूपच कमी. शेतातल्या घराशेजारी छंदाची शेड असेल तर एवढं डोकं खायची गरज पडत नाही.

नाव लागलंय का तुमचं? प्रश्नात तुम्ही ते लिहिलेलं नाही. खरेदीखत झालं की ३ महिन्यांत हस्तांतरणाची सूचना द्यायची असते आणि ती दिली नाही तर कागदोपत्री जुना मालकच करदाता राहतो, मग तुमचा अर्ज आला की पहिला शेरा येतो 'अर्जदार नोंदीवर नाही'. आणि मिळकत कराचा बोजा जागेवर पहिला असतो, जुन्या मालकाने बुडवलेलं जागेबरोबर तुमच्याकडे येतं. करारात 'मागील सर्व देणी विकणाऱ्याची' असं लिहिलेलं असतं, ते तुमच्या दोघांत आहे, महापालिकेला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्याच्याकडून नंतर वसूल करा हवं तर, पण आधी भरावं तुम्हालाच लागेल.

काही जण मला म्हणतात की वर्षातले सहा महिने मी मुलाकडे परदेशात असतो, गाळा बंद असतो, तर रिकामा म्हणून सवलत घेऊ का. रिकाम्या जागेची सवलत नियमात आहे पण जागा खरंच रिकामी पाहिजे आणि तसं आधी लेखी कळवलेलं पाहिजे. आत स्कूटर उभी आहे म्हणजे साठवणुकीसाठी वापर चालूच आहे, कुलूप असलं तरी. हा मार्ग सोडा.

आता अर्जाची रीत. नवीन आकारणी झाली किंवा करपात्र मूल्य वाढलं तर विशेष नोटीस येते, तिच्यावर हरकतीची मुदत छापलेली असते आणि ती दिवसांत मोजतात, महिन्यांत नाही. त्या मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या, पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक. व्हॉट्सअ‍ॅपवर साहेबांना फोटो पाठवला याला हरकत म्हणत नाहीत. सुनावणीला स्वतः जा, नकाशा आणि फोटो दोन प्रतींत, आणि बोलताना एका अर्जात एकच मागणी ठेवा, क्षेत्राचं वेगळं, वापराच्या प्रकाराचं वेगळं. मी स्वतः सुरुवातीच्या काळात सगळं एकाच अर्जात कोंबायचो, मग एका मुद्द्यावर अडलं की पूर्ण फाइल अडायची. हरकत फेटाळली तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील आहे, मुदत फक्त १५ दिवस, आणि त्यासाठी दोन अटी, आधी नियमाप्रमाणे हरकत घेतलेली पाहिजे आणि कराची रक्कम भरलेली पाहिजे. म्हणून वाद चालू आहे म्हणून बिल थांबवून ठेवणं हे सगळ्यात महागात पडणारं वागणं आहे. हरकत कायम ठेवून भरतोय असं पत्र जोडा आणि भरा, दरमहा २ टक्के वाढत जाणाऱ्या आकड्याशी कुणीच जिंकत नाही. वर्षाच्या सुरुवातीला भरलंत तर सर्वसाधारण करात थोडी सूटही मिळते.

आणि आता ती गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीत पण मला सांगायलाच हवी, कारण गाळा घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ती माहीत नसते. इन्कम टॅक्स. घराचं उत्पन्न या सदराखाली स्वतःच्या घराचं वार्षिक मूल्य शून्य धरतात, पण ते स्वतःच्या राहण्याच्या घराचं. धंद्यासाठी वापरलेली जागा या सदरातून बाहेर असते, पण तिथे धंद्याच्या नफ्यावर कर भरलेला असतो. तुमचा गाळा या दोन्हीत बसत नाही, राहण्याचा नाही आणि धंद्याचाही नाही. मग कायद्याच्या भाषेप्रमाणे त्याचं वाजवी भाडं तुमचं उत्पन्न धरलं जातं, एक रुपया मिळाला नसला तरी. समजा तसा गाळा महिना ६,००० ला जातो, वर्षाचे ७२,०००. त्यातून त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला मिळकत कर वजा, समजा १८,०००, राहिले ५४,०००. त्यातून ३० टक्के सरसकट वजावट १६,२००, उरले ३७,८००. हे तुमच्या पेन्शनमध्ये मिळवायचे. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेससकट ११,८०० च्या आसपास कर. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला, पण हे तत्त्व त्यातही तसंच आहे. यात एक बारीक फायदा लक्षात ठेवा, मिळकत कर ज्या आर्थिक वर्षात भरला त्याच वर्षी वजा होतो, थकवून पुढच्या वर्षी भरला तर या वर्षीची वजावट जाते. तुमच्या सीएला गाळ्याचं बिल आणि पावती दाखवा, 'गाळा आहे पण भाडं येत नाही' असं म्हणून गप्प बसू नका.

ज्यांनी अजून गाळा घेतला नाही आणि हे वाचतायत त्यांना माझं मत सांगतो. तुमचा छंद शांत असेल, चित्रकला, घड्याळ दुरुस्ती, नाणी, पुस्तकं, छोटी मॉडेल्स, तर गाळ्यापेक्षा जुन्या सोसायटीतला तळमजल्याचा वन आरके बघा. तो नोंदीवर निवासी आहे, तिथे तुम्ही धंदा किंवा फी घेऊन क्लास सुरू करत नाही तोवर निवासीच राहतो, ४० टक्के मिळवायला मात्र तिथे राहणं दाखवावं लागेल, ते नसेल तर ते मागू नका. आवाजाचा, धुळीचा, पेंटचा छंद असेल तर सोसायटीत भांडणं होणारच, तिथे गाळाच बरा, आणि घ्यायचा तर जुना घ्या, ज्याची आकारणी खूप आधीची आहे. नुसतं सामान ठेवायचं असेल, काम करायचं नसेल, तर भाड्याचं स्टोरेज बघा, तिथे मिळकत कर मालकाचा असतो, तुमच्यावर भाडं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. फक्त करारात 'भविष्यात वाढणारे कर वापरणाऱ्याने द्यावेत' असली ओळ आहे का ते वाचा. एखाद्या मित्राचा गाळा भाड्याने घेत असाल तर त्यालाही हे सांगा की भाडेकरार नोंदला की त्याची आकारणी प्रत्यक्ष भाड्यावर जाऊ शकते, नंतर मैत्रीत कटुता नको.

दादा, तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. या रविवारी टेप लावा. सोमवारी उतारा काढायला अर्ज द्या आणि नाव लागलंय का ते तिथेच विचारा. क्षेत्र ३५० च्या खाली भरलं तर मोजमापाचा अर्ज आधी, दुकानाची नोंद निघाली तर तो दुसरा. चालू सहामाहीचं बिल त्याआधी भरून टाका आणि पावतीची झेरॉक्स अर्जाला लावा. आणि गाड्या बाहेर काढायच्याच आहेत मापासाठी, तर लॅम्ब्रेटाचा एक फोटो मलाही पाठवा, माझ्या वडिलांकडे होती, किक मारायला मला अजून दोन्ही पाय लागायचे त्या वयात त्यांनी ती विकली.